यवतमाळचं लग्न आणि आपलं रेशनकार्ड

३० डिसेंबर २०१७. यवतमाळच्या एका हॉटेलात लग्न लागलं. नवरदेव दोन. एक यवतमाळचाच, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला. दुसरा मूळचा व्हिएतनामी. तेव्हा कलम ३७७ चालू होतं बरं का! इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं हे कलम दिल्ली हायकोर्टानं २००९ ला सैल केलं, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला पुन्हा आवळलं. दोन प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून सुटले ते ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे लग्नानंतर आठ महिन्यांनी.

लग्न गावात, संसार मात्र अमेरिकेत. तिकडे २०१५ पासून देशभर अशा लग्नाची नोंद होते. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायदा करायचा तर संसदेनं करावा.

गावाला चालणार नाही, असं म्हणतात. आपल्या जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचं बघा. विषय थोडा वेगळा आहे, पण तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. अडलं होतं कागदावर, गावानं मतं दिली.

२०२४ ला केंद्रानं खुलासा केला: अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं, रेशनकार्डावर एक कुटुंब धरतात. धुळ्या-जळगावात खिडकीवर विचारून बघा, किती जणांना माहीत आहे ते. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर घर भावा-पुतण्यांकडे जातं. वीस वर्षं सोबत राहिलेला माणूस वारसांच्या यादीतच नाही.