कुत्रा छाप
* पृ. ४२ वरील ‘कुत्रा छाप’ : एचएमव्हीच्या तबकड्यांचे घरगुती नाव. कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला हा इंग्लंडचा निपर. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना दात लावण्याच्या खोडीवरून हे नाव पडले. तो १८९५ मध्येच वारला. मालक गेल्यावर त्याला सांभाळणारे चित्रकार फ्रान्सिस बॅरो यांनी त्याला चित्रात आधी फोनोग्राफपुढे बसवले होते. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतले, तेव्हा फोनोग्राफ रंगाखाली बुजवून कंपनीचे यंत्र वर रंगवले. स्वतः निपरने ते यंत्र कधी पाहिलेच नाही. लेखकाच्या आजीला मात्र तो बालगंधर्वांचेच गाणे ऐकतो आहे, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. — संपा.