दुरून हांकलेलीं चाकें

महाडहून वरंधा घाटाकडे निघालें म्हणजे वाटेंत काळ नदीच्या कांठीं बिरवाडी लागते. उन्हाळ्यांत नदीचें पाणी ओसरलें कीं पात्रांतले काळे कातळ आणि गोटे उघडे पडतात. हा सारा सह्याद्रीच्या जुन्या लाव्हारसाचा दगड. पावसाळ्यांतील पुरांनीं घासून गुळगुळीत केलेला. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं असें एखादें पात्र अनवाणी ओलांडलें असेल, त्यांस ठाऊक असेल कीं, भार टाकण्यापूर्वीं तळवा दगडाला विचारून घेतो. दगड डळमळतो कीं घट्ट आहे, कोरडा आहे कीं शेवाळलेला, हें डोळ्यांच्या आधीं पायाला कळतें. घाटवाटेनें ओझें वाहणारा बैलही हें शास्त्र जाणत असे. यंत्राला मात्र तें फार अवघड गेलें. आणि तेंच यंत्र बिनतारी लहरींच्या साह्यानें दुरून चालवावयाचें ठरलें, तेव्हां तर त्याहूनही अवघड.

आज पुष्कळ हौशी लोक हातभर लांबीची, बिनतारीनें चालणारी आणि दगडधोंड्यांवर रांगत चढणारी गाडी घरीं बांधतात व तिच्यासाठीं घरांतच दगडांची वाट रचतात. इंग्रजींत या गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. मराठींत तिला ‘कातळरांगी’ म्हणावयास हरकत नसावी. वरवर पाहतां हा पोरखेळ आहे. परंतु या खेळाची वंशावळ थोर आहे, आणि दगड घरांत आणण्याची युक्ति ही त्या वंशांतलीच आहे.

लहरींनीं दुरून काम करविण्याचा प्रश्न तसा लवकर सुटला. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें विद्युल्लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. १८९८ मध्यें निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहानशी होडी सोडली आणि तारेवांचून तिला वळविलें, थांबविलें, तिच्यावरचे दिवे लावले-विझविले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांना या युक्तीचें पेटंट मिळालें. टेस्लांनीं आपल्या प्रयोगासाठीं पाणी निवडलें, यांतही त्यांचें शहाणपण दिसतें. होडीला पाऊल कोठें टाकूं हा प्रश्न पडत नाहीं. पुढें १९३७ च्या सुमारास अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं बिनतारीनें लहान विमान उडविलें. आकाशांतही दगड नसतो. सोव्हिएट सैन्यानें १९३९-४० च्या फिनलंडवरील युद्धांत माणसावांचून चालणारे रणगाडे धाडले, तेव्हां कोठें जमीन आडवी आली. त्यांना हांकणारा मनुष्य मागच्या दुसऱ्या रणगाड्यांत बसे. पुढचे खांचखळगे त्याला आपल्या अंगाखालीं जाणवणार कसे?

या प्रश्नाचा खरा कस लागला तो चंद्रावर. १७ नोव्हेंबर १९७० रोजीं सोव्हिएट देशाची ‘लुनोखोद १’ ही गाडी चंद्रावर उतरली. आठ चाकें, वजन सुमारें ७५६ किलो, आणि आकार जणुं चाकांवर ठेवलेल्या झांकणाच्या घंगाळासारखा. तिला हांकणारे पांच जणांचें पथक क्रिमियांत सिंफेरोपोलजवळ बसलेलें असे. त्यांच्यापुढें हलतें चित्र नव्हतें. कांहीं कांहीं सेकंदांच्या अंतरानें एकेक स्थिर छायाचित्र येई. लहर चंद्रापर्यंत जाऊन परत यावयास अडीच सेकंदांहून अधिक काळ लागे. म्हणजे समोर दिसणारा दगड हा मघांचा दगड, आणि ‘थांब’ म्हटलें तर गाडी थांबणार ती आणखी क्षणभरानें. अशा स्थितींत डोळ्यांवर विसंबून चालत नाहीं; अंगवळणी पडलेला अंदाज लागतो. तो अंदाज यावा म्हणून तेथें जमिनीवरच खड्डे खोदून व दगड मांडून एक खोटा चंद्र तयार करण्यांत आला होता. त्याला ‘लुनोद्रोम’ म्हणत. हांकणारे त्यावर गिरवून घेत, जसें मूल पाटीवर गिरवितें तसें. या तालमीच्या बळावर लुनोखोद १ दहा महिने टिकली आणि सुमारें साडेदहा किलोमीटर चालली.

तिची धाकटी बहीण लुनोखोद २ ही जानेवारी १९७३ मध्यें चंद्रावर गेली व सुमारें ३९ किलोमीटर हिंडली. परंतु त्या मे महिन्यांत ती एका विवरांत शिरली असतां तिचें उघडें झांकण विवराच्या कडेला घांसलें व त्यावर माती सांडली. पुढें झांकण मिटतांच ती माती आंतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर पडली, गाडी तापली आणि थोड्याच दिवसांत कायमची मुकी झाली. एवढ्या लांबच्या प्रवासाचा शेवट मूठभर मातीनें केला.

मंगळ तर आणखी दूर. तेथें लहर पोंचावयास मिनिटें लागतात, म्हणून हातांत दांडा धरून गाडी हांकणें अशक्यच. दिवसाची आज्ञा एकदम पाठवावी लागते. ४ जुलै १९९७ रोजीं तेथें उतरलेल्या अमेरिकन ‘सोजर्नर’चें वजन साडेदहा किलोच्या आसपास होतें. तिच्या सहा चाकांना स्प्रिंग नव्हती. दोन्ही बाजूंस खिळीवर डुलणाऱ्या तरफा होत्या. एक चाक धोंड्यावर चढलें तरी उरलेलीं पांचही जमीन सोडीत नसत. तिच्यामागून गेलेली ‘स्पिरिट’ २००९ मध्यें भुसभुशीत मातींत रुतली. तेव्हां कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथील प्रयोगशाळेंत एका खोलींत तशीच माती पसरून, त्यांत जुळी गाडी मुद्दाम रुतवून, सुटकेचा मार्ग महिनोन्महिने शोधण्यांत आला. मार्ग सांपडला नाहीं. मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाहीं.

आपल्या देशानेंही हाच अभ्यास केला. तामिळनाडूंत नामक्कल जिल्ह्यांतील सित्तंपुंडी येथें चंद्रावरील दगडाच्या जातीचा ॲनॉर्थोसाइट हा खडक सांपडतो. तो दळून चंद्राची माती तयार केली गेली व बंगळूरच्या इस्रोच्या प्रयोगशाळेंत तिच्यावर सहा चाकी गाडीची परीक्षा झाली. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान ३ चंद्रावर उतरलें. त्यांतून सुमारें २६ किलो वजनाची ‘प्रज्ञान’ बाहेर पडली. तिची गति सेकंदाला एक सेंटिमीटर, मुंगीनेंही मागें टाकावी अशी. २७ ऑगस्टला तिच्यापुढें तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचें विवर आलें. तेव्हां आल्या वाटेनें परत फिरण्याची आज्ञा तिला पृथ्वीवरून देण्यांत आली.

एवढें दूर न जातां, बिरवाडीहून वरंधा घाट चढून भोरमार्गें पुणें गांठावें. तेथें दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेनें ‘दक्ष’ नांवाचें यंत्र तयार केलें. संशयित बाँब उचलणें, क्षकिरणांनीं त्याचें पोट तपासणें, पाण्याच्या जोरदार झोतानें तो निकामी करणें हीं त्याचीं कामें. डिसेंबर २०११ मध्यें पहिलीं पांच यंत्रें सैन्याच्या हवालीं झालीं. हांकणारा शंभर ते पांचशें मीटर दूर असतो, आणि यंत्र जिना चढून वर जातें. जिना म्हणजे तरी काय? माणसानें एका ओळींत रचलेले खडकच ते. त्यावर चाक घसरलें नाहीं म्हणून एखाद्या जवानाचा जीव वांचतो.

पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यांत अशीं लहान यंत्रें प्रथम शिरलीं तीं २००१ मध्यें न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या नाशानंतर. महाडच्या लोकांना हा विषय परका नाहीं. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड शहरांत पांच मजली इमारत कोसळली. दुसऱ्या दिवशीं ढिगाऱ्यांतून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. २२ जुलै २०२१ रोजीं याच तालुक्यांत तळिये गांवावर दरड आली. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, आणि पुरानें वाटा बुडाल्यामुळें मदत वेळेवर पोंचूं शकली नाहीं. ओल्या, सरकत्या दगडांवरून माणसाला जातां येत नसेल, तर दुसरें काय पाठवितां येईल, हा प्रश्न येथें पुस्तकांतला राहिलेला नाहीं.

आतां खेळण्याकडे वळावें. ट्रान्झिस्टर १९४७ मध्यें जन्मला व बिनतारीचें यंत्र खिशांत मावूं लागलें. १९८७ मध्यें जपानच्या तामिया कंपनीनें ‘क्लॉड बस्टर’ नांवाची मोठ्या चाकांची गाडी काढली. तिच्या दोन्ही आंसांवर एकेक मोटार होती आणि चारही चाकें वळत. हौशी लोकांनीं तिचें वरचें कवच काढून तिला दगडांवर चढविलें, आणि कातळरांगीचा हा प्रकार रूढ झाला. हिंदुस्थानांत बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्यानें परवाना लागे. २००५ मध्यें खेळण्यांच्या अल्पशक्तीच्या लहरींना सूट मिळाल्यावर हौसेची वाट मोकळी झाली.

गाडी बांधतांना वेगाचा मोह सोडावा लागतो. मोटारीच्या गुंडाळींत तारेचे वेढे अधिक असावे व दंतचक्रांनीं गति फार उतरवावी, म्हणजे जोर वाढतो. रस्त्यावरच्या मोटारीचें एक चाक अधांतरीं झालें तर तेंच गरगर फिरतें आणि टेकलेलें चाक स्वस्थ बसतें. म्हणून येथें एका आंसाचीं दोन्ही चाकें जखडून एकत्र फिरवितात. टायर मऊ रबराचा, आंत स्पंज, हवा निघावयास बारीक भोंक. असा टायर दगडाला तळव्यासारखा बिलगतो. विजेचा घट जितका खालीं व पुढें बसेल तितकें बरें. गाडीच्या भारमध्यावरून सोडलेला ओळंबा चाकांच्या बाहेर पडला कीं ती उलटलीच. गवंड्याच्या पोरालाही हें समजतें.

बिरवाडीसारख्या गांवीं आषाढांत काळ नदी दुथडी भरून वाहते, तेव्हां बाहेरचें पात्र कोणाच्या उपयोगाचें? तेथें पडवींत वाट रचावी लागते. उन्हाळ्यांत आणून धुवून वाळविलेले गोटे मोठे खालीं, लहान वर, कांहीं चुनासिमेंटानें पक्के केलेले तर कांहीं मुद्दाम डळमळते ठेवावे. मधून फळीचा साकव, मधून वाळूची खांच. जागोजाग दोन काड्या रोवून दारें करतात व त्यांतून काडीस न शिवतां गाडी न्यावयाची असते. काडीला धक्का लागला, मागें घ्यावी लागली, तर गुण चढतात. ज्याचे गुण कमी त्याची सरशी. गाडी कुशीवर पडली तर हातानें सरळ करण्याची मुभा असते, पण तिचाही दंड पडतो. म्हणून मुरलेला खेळगडी लगेच हात पुढें करीत नाहीं. चाकें वळवून, किंचित मागें-पुढें करून, ती आपली आपण उठते कीं काय, हें पाहत थांबतो.