डोळे उघडे ठेवून फिरणें



संध्याकाळीं गांवाबाहेर चार पावलें फिरून येणें ही करमणूक आपल्याकडे जुनीच आहे. तिला पैसा लागत नाहीं. परंतु वाटेंत दिसलेलें पांखरूं नीट न्याहाळावें, घरीं येऊन त्याविषयीं वाचावें आणि दुसऱ्या दिवशीं तें ताडून पाहावें, या छंदाला मुंबई इलाख्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जें रूप आलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हिचे नायक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. त्यांचा जन्म १८५१ सालीं साताऱ्यास झाला. वडील स्कॉटिश मिशनरी. एटकिन यांनीं कांहीं वर्षें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें व पुढें ते जकात व मीठ खात्यांत शिरले. नोकरी फिरतीची, मुक्काम पुष्कळदां आडगांवीं. अशा एकांतावर त्या काळचे बहुतेक गोरे अधिकारी एकच उपाय जाणत, तो म्हणजे बंदूक घेऊन शिकारीस जाणें. एटकिन यांनीं मात्र आपल्या बंगल्यांतील उंदीर, पाली, मुंग्या, कावळे व बेडूक यांच्याकडे लक्ष लावलें. सरहद्दीवरील टोळ्यांचा बंदोबस्त हा त्या वेळीं सरकारी चर्चेचा विषय होता. त्याच थाटांत या घरघुशा मंडळींवर त्यांनीं 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हें विनोदी पुस्तक लिहिलें. तें १८८३ सालीं निघालें. लेखकाचें टोपणनांव आद्याक्षरांचें, 'ईहा'. संस्कृतांत ईहा म्हणजे इच्छा, हा एक गोड योगायोग.

त्याच वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आतांच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत एटकिन होते, तसेच प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्यांतील दोघेही होते. उद्देश साधा होता: आपण पाहिलेलें एकमेकांस सांगावें, जमविलेले नमुने दाखवावे. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिकही निघूं लागलें. एकट्याची करमणूक ती चारचौघांची विद्या झाली.

१९०८ सालीं सालिम अली नांवाचा एक लहान मुलगा या सोसायटींत आला. छऱ्याच्या बंदुकीनें त्यानें एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ही कोणती चिमणी, हें त्याला हवें होतें. चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला वाटेस लावलें नाहीं. त्यांनीं चिमणी ओळखून सांगितली, संग्रहांतील पक्षी दाखविले व वाचावयास पुस्तकें दिलीं. त्यांत ईहांचें 'कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' होतें. बंदूक घेऊन निघालेला मुलगा पुस्तकाकडे वळला. १९४१ सालीं त्याच सालिम अलींचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' प्रसिद्ध झालें आणि पक्षी ओळखण्याचा नाद असंख्य वाचकांना लागला.

मिलर्ड यांची ती जागा घराघरांत वडील माणसांची आहे. मुलानें 'हा कोणता पक्षी?' असें विचारलें असतां 'असेल एखादें पांखरूं' म्हणून आपण वर्तमानपत्रांत डोकें घातलें, तर तो प्रश्न तेथेंच मरतो. त्यापेक्षां दोघांनीं मिळून पुस्तक उघडावें, आणि उत्तर न सांपडल्यास दुसऱ्या दिवशीं पुनः त्याच झाडाखालीं जावें. फिरावयास याहून दुसरें निमित्त कशाला हवें?