जुना लॅपटॉप, नवी प्रणाली आणि आतली मराठी

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संचालन प्रणालीचा नियमित सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि घरोघरच्या आठ-दहा वर्षे वयाच्या लॅपटॉपचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. शहरातील घरांत या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर असते. नवा लॅपटॉप घरात येतो आणि जुना गावाकडे किंवा शनिवार-रविवारच्या घरी रवाना होतो. पवन मावळात तिकोणा ऊर्फ वितंडगडाच्या पायथ्याशी वसलेले तिकोणा पेठ हे अशा प्रवासाच्या वाटेवरचेच गाव. पवना जलाशयाच्या परिसरात पुण्या-मुंबईकरांची सुट्टीची घरे आहेत, पर्यटकांसाठी तंबूंची व राहण्या-जेवणाची सोय आहे. तेथील हिशेब, आरक्षणाच्या नोंदी, सातबाराचा उतारा, मुलांचा अभ्यास यांसाठी जुने यंत्रही पुरेसे ठरते. त्यावर नवी प्रणाली चढवून मगच ते न्यावे, हे योग्यच. परंतु त्याआधी आत साठलेल्या मराठी मजकुराची व्यवस्था लावली नाही, तर यंत्र चालू लागते आणि वीस वर्षांचे लेखन वाचता येईनासे होते.

प्रणाली बदलण्याची निकड प्रथम लक्षात घेऊ. सुरक्षा-पुरवठा थांबलेला संगणक लगेच बंद पडत नाही. मात्र त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत आणि हळूहळू इतर सॉफ्टवेअरही त्याची साथ सोडते. ‘विंडोज ७’चा पुरवठा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, २०२३ च्या प्रारंभी गूगल क्रोमनेही ‘विंडोज ७’ व ‘८.१’साठी नव्या आवृत्त्या देणे थांबविले. ‘विंडोज १०’च्या घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा-पुरवठ्याची योजना उपलब्ध करून देताना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत जाहीर केली. ही सवलत म्हणजे तयारीसाठी मिळालेला अवधी समजावा.

‘विंडोज ११’ आपल्या यंत्रावर चालेल काय, हे ‘पीसी हेल्थ चेक’ या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने कळते. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही अट बहुतेक लॅपटॉप पूर्ण करतात. अडते ते प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा-घटकापाशी. ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतर बाजारात आलेले प्रोसेसर पात्र ठरतात. टीपीएम कित्येकदा यंत्रात असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. त्यामुळे ‘अपात्र’ असे उत्तर आले तरी तेवढे पाहून घ्यावे. या अटींना बगल देऊन प्रणाली चढविण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. तथापि अशा यंत्रांना पुढील सुधारणा मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होणार आहेत, त्यावर ही युक्ती करू नये, असे आमचे मत आहे.

जुना लॅपटॉप मंद असण्याचे मुख्य कारण बहुधा त्याची फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची एसएसडी बसविली आणि रॅम ८ जीबी केली की पडणारा फरक कोणत्याही नव्या प्रणालीने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. काढलेली डिस्क फेकू नये. यूएसबी केसमध्ये घातली की तीच आपल्या साऱ्या जुन्या फायलींची तयार प्रत होते.

आता मराठीचा मुद्दा. १९९० च्या दशकापासून २००० च्या दशकाअखेरपर्यंत मराठीत संगणकावर जे लिहिले गेले, त्याचा फार मोठा भाग युनिकोडमध्ये नाही. पुण्याच्या सी-डॅकचे ‘आयएसएम’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ अशी सॉफ्टवेअरे आणि त्यांचे फॉन्ट यांवर कार्यालये, छापखाने व लेखक यांचे काम चाले. ‘डीव्हीटीटी योगेश’ वा ‘सुरेख’ ही नावे त्या काळी टंकलेखन करणाऱ्यांना आजही आठवतील. वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठी आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, तोही हाच काळ. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवितो एवढेच. फॉन्ट गेला की फाईल उघडते, पण पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी दिसते. संस्थेची इतिवृत्ते, वडिलांच्या आठवणी, पुस्तकाची अर्धी संहिता यांची अशी अवस्था पाहून फाईल बिघडली असे समजून ती पुसून टाकणारे लोक आहेत.

प्रणाली पुसून नव्याने चढविताना नेमके हेच घडते: बाहेरून घातलेले फॉन्ट जातात. म्हणून फायलींची प्रत काढताना विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधील सर्व मराठी फॉन्टचीही प्रत घ्यावी. त्यानंतर महत्त्वाची प्रत्येक फाईल जुनी प्रणाली चालू असतानाच पीडीएफ स्वरूपात जतन करावी. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत राहतो आणि मजकूर कोठेही वाचता व छापता येतो. पेजमेकरमधील मजकुरासाठी तर हे अनिवार्यच मानावे. त्या सॉफ्टवेअरची ७.० ही अखेरची मुख्य आवृत्ती २००१ मधली आहे आणि ते युनिकोड देवनागरी जाणत नाही.

ज्या मजकुरात पुढे शोध घ्यायचा आहे वा फेरफार करायचे आहेत, तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. रूपांतरक साधने उपलब्ध आहेत, पण त्यांचे काम दिसते तितके सरळ नाही. ‘तिकोणा’ हाच शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठतात, म्हणजे आधी पहिली वेलांटी आणि मग ‘त’. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणून ‘त’ आधी व वेलांटी नंतर. ‘दुर्ग’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘ग’च्या मागून येतो, तर युनिकोडमध्ये तो मुळात ‘र’ असल्याने ‘ग’च्या आधी. ही उलथापालथ प्रत्येक फॉन्टसाठी वेगळ्या कोष्टकाने करावी लागते. चुकीचा फॉन्ट निवडला तर सारेच बिनसते. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही रूपे डोळ्यांखालून घालावीत. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर हरकत घेणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. मावळात मात्र दऱ्या पुष्कळ असल्या तरी दर्या नाही. एकाच तक्त्यात इंग्रजी व मराठी मिसळलेली असेल, तर इंग्रजी नावेही रूपांतरात सापडून विद्रूप होतात. ती आधी वेगळी काढावीत.

युनिकोडमध्ये लिहिलेल्यांचे काम सोपे आहे. त्यांना एकच बदल जाणवेल: वर्षानुवर्षे सवयीचा झालेला ‘मंगल’ फॉन्ट ‘विंडोज १०’पासून ऐच्छिक घटकांत गेला आहे. तो नसला की त्याच्या जागी ‘निर्मला’ येतो आणि पानांची मांडणी हलते. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली किंवा ऐच्छिक घटकांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की तो परत मिळतो. इनस्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून आहेच. उच्चारानुसारी मराठी कळफलक ‘विंडोज १०’च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून अंगभूत झाला आहे.

प्रत्यक्ष काम पुण्यातच उरकावे. प्रणाली काही जीबी आकाराची असते. शिवाय डोंगरांच्या आडोशाच्या गावात पावसाळ्यात वीज व नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. बायोस अद्ययावत होत असताना वीज गेली, तर यंत्र कायमचे मुके होण्याचा धोका असतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी अशा वेळी कामाला येत नाही. बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद आहे काय, हे पाहावे. असल्यास ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून घेऊन कागदावर उतरवावी. फायली कायम ठेवून ‘विंडोज १०’वरून ‘११’वर गेल्यास साधारणतः दहा दिवस मागे परतता येते; तेवढे दिवस यंत्र घरीच वापरून प्रिंटर, स्कॅनर, ध्वनी, वायफाय सारे तपासावे.

अपात्र ठरलेल्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा उत्तम पर्याय आहे. पेन ड्राइव्हवरूनच ती चालवून पाहता येते, डिस्कला हात लावावा लागत नाही. रेड हॅटने मुक्त केलेले ‘लोहित’सारखे देवनागरी फॉन्ट तेथे विनामूल्य मिळतात आणि लिबर ऑफिसमध्ये मराठी सुखाने लिहिता येते. ज्यांचे काम डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर चालते, त्यांनी मात्र त्याचा चालक लिनक्ससाठी मिळतो काय, हे आधी पाहावे.

राहता राहिले डोंगलवर चालणारे जुने मराठी सॉफ्टवेअर. पॅरलल पोर्टला लागणारा डोंगल आजच्या लॅपटॉपला जोडताच येत नाही. यूएसबीचा असला, तरी त्याचा चालक नव्या ६४-बिट प्रणालीसाठी निघालेला असेलच असे नाही, आणि ‘विंडोज ११’ला ३२-बिट आवृत्तीच नाही. अशा सॉफ्टवेअरवर काम अडले असेल, तर एक जुना लॅपटॉप जुन्याच प्रणालीसह, इंटरनेट तोडून, सारा मजकूर रूपांतरित होईपर्यंत बाजूला ठेवावा.