अंगणवाडी सुटताना फाटकासमोर गाडी कशी लावावी?

परभणी जिल्ह्यातल्या गावांत अंगणवाडीला सहसा वेगळे वाहनतळ नसते. फाटक उघडले की समोर थेट रस्ता.

धोका कधी? गाडी मागे घेताना. 3 वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंमी असते. कारच्या अगदी मागे उभे असलेले मूल आरशात दिसत नाही. जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये मागचा सेन्सर बंधनकारक आहे. जुन्या कारमध्ये तो असेलच असे नाही, ट्रॅक्टर-ट्रॉलीला तर हा नियमच नाही. गंगाखेड, पाथरी भागात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांची वर्दळ वाढते.

काय करावे?

• मूल सेविका किंवा मदतनीस ताईंकडून थेट हातात घ्या. रस्त्यापलीकडून हाक मारू नका.
• गाडी फाटकापासून लांब, सरळ पुढे निघेल अशी लावा.
• मागे घ्यावीच लागली तर आधी उतरून गाडीभोवती बघा.
• स्कूटीवर मूल बसवण्याआधी ती बंद करा. लहान हात सहज ॲक्सिलेटर पिळतात.

फाटकासमोर गतिरोधक हवा असेल तर ग्रामसभेत मागणी करा. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा.