मेणबत्ती आणि आगकाडी



रसायनशास्त्र म्हटले की आपल्या मुलांपुढे मूलद्रव्यांचा तक्ता उभा राहतो. चिन्हे पाठ करा, अणुभार पाठ करा, परीक्षा झाली की विसरा. हा विषय इतका कोरडा का वाटावा, याचा विचार करता करता मी ज्या माणसापाशी येऊन पोहोचलो तो शाळामास्तर नव्हता. तो होता पुस्तके बांधणाऱ्या दुकानातला उमेदवार. माझे स्वतःचे शिक्षण नववीत थांबले, पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून झाले. तेव्हा या माणसाविषयी मला थोडी अधिक आपुलकी वाटते हे आधीच सांगून टाकतो.

मायकेल फॅरडेचा जन्म 1791 सालचा, लंडनजवळचा. बाप लोहार, तोही आजारी. तेराव्या वर्षी मुलगा ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या रिबो नावाच्या पुस्तकविक्याकडे हरकाम्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी, 1805 साली, बाइंडिंगच्या कामावर सात वर्षांच्या उमेदवारीला बसला. जी पुस्तके बांधायला येत ती तो वाची. त्यात एक पुस्तक होते जेन मार्सेट या बाईंचे, ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’, म्हणजे रसायनशास्त्रावरील संवाद. 1805 च्या अखेरीस हे पुस्तक निघाले तेव्हा त्यावर लेखिकेचे नावही नव्हते. एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी, एक शहाणी आणि एक अवखळ, यांच्या गप्पांमधून सारे शास्त्र उलगडत जाते. मुलींना रसायन शिकवावे म्हणून एका बाईने लिहिलेल्या पुस्तकाने लोहाराच्या पोराला रसायनाची गोडी लावली. तो पुढे जगप्रसिद्ध झाला तरी हे ऋण विसरला नाही, आणि आपले निबंध त्या बाईंना पाठवीत राहिला.

ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर 1812 साली त्याने सर हम्फ्री डेव्हींची चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे धाडली. 1813 च्या मार्चमध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला 25 शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय सरपण आणि मेणबत्त्या. या मेणबत्त्या लक्षात ठेवा.

त्या संस्थेत 1825 पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. फॅरडेने अशा 19 माला गुंफल्या. त्यांपैकी मेणबत्तीवरची माला त्याने 1848 च्या नाताळात दिली आणि 1860 च्या नाताळात पुन्हा दिली. विल्यम क्रुक्स यांनी ती 1861 साली पुस्तकरूपाने छापली आणि त्याच वर्षी स्वतः थॅलियम हे नवे मूलद्रव्य शोधले.

सहा व्याख्याने आणि विषय एकच, मेणबत्ती! पण आरंभ पाहा कसा आहे. हा गृहस्थ मुलांपुढे तऱ्हेतऱ्हेच्या मेणबत्त्याच मांडतो. एक जपानातून आलेली. एक तर 1782 साली बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या लढाऊ जहाजातली. पन्नासाहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात पडलेली ती वस्तू तो पेटवून दाखवतो आणि ती निमूटपणे जळते. मग प्रश्न सुरू होतात. ज्योतीखाली मेणाची वाटी कोण घडवतो? (वर चढणारी गार हवा. कडेचे मेण ती थंड ठेवते आणि मध्यभाग वितळतो.) मेण वातीतून वर चढते कसे? त्यासाठी तो मिठाचा एक खांब निळ्या पाण्याच्या थाळीत उभा करतो आणि निळा रंग वर वर चढताना मुले पाहतात. मेणबत्ती विझवली की जो धूर निघतो त्याला दोन-तीन बोटे अंतरावरून काडी लावली तर आग त्या धुरातून धावत वातीवर येते. म्हणजे जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ! हा प्रयोग आज रात्री आपण घरी करून पाहावा. खोलीत वारा मात्र नसावा.

पुढे तो ज्योतीवर गार भांडे धरतो. भांड्यावर दंव येते. आगीतून पाणी निघाले. ते पाणीच कशावरून? तो त्यावर पोटॅशियमचा तुकडा टाकतो. जांभळी ज्वाला भडकते आणि खात्री पटते. पाण्यातून हायड्रोजन आणि प्राणवायू येतात, जळण्यातून कर्बवायू येतो, तो चुन्याची निवळी दुधाळ करतो. आणि शेवटच्या व्याख्यानात तो त्याच निवळीत स्वतःचा श्वास फुंकतो. तीही दुधाळ होते. आपल्या शरीरातही अन्नाचे मंद ज्वलन चालू आहे हे मुलांना असे कळते. मूलद्रव्ये इथे तक्त्यातून येत नाहीत, टेबलावरच्या मेणबत्तीतून एकेक करून बाहेर पडतात. प्रत्येक नाव येण्याआधी त्याचा करिश्मा येऊन गेलेला असतो. माझ्या मते मौज आहे ती यात. रंगीत धुराचा आणि धडाक्याचा खेळ दाखवून मुले क्षणभर टाळ्या वाजवतात, पण घरी काही घेऊन जात नाहीत.

आता माझ्यासारख्याच्या डोक्यात जो प्रश्न येतो तो असा, की त्या सभागृहात बसले होते कोण? 1855 च्या नाताळात तिथे राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट आपल्या मुलांना घेऊन आला होता. त्याचे चित्रही काढलेले आहे. पुढच्या रांगा अशा होत्या. यात फॅरडेचा दोष नाही. तो स्वतः पुस्तके बांधून वर आला होता. पण मेणबत्ती पेटवायला काडी लागते. ती काडी कोण करत होते?

ज्या 1861 साली मेणबत्तीचे पुस्तक निघाले त्याच साली लंडनच्या पूर्वेला, बो भागात, ब्रायंट अँड मे यांचा आगकाड्यांचा कारखाना उघडला. दोन वर्षांनी, 1863 साली, सरकारी आयुक्ताने इंग्लंडच्या या धंद्यातल्या साक्षी घेतल्या. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये त्यांचे आकडे दिले आहेत. साक्षीदारांपैकी 270 जण अठरा वर्षांखालील, 50 जण दहा वर्षांखालील, 10 जण अवघे आठ वर्षांचे आणि 5 जण सहा वर्षांचे. म्हणजे नाताळच्या व्याख्यानाला शोभावी अशीच वये! स्फुरद त्यांनीही पाहिला होता. फॅरडेच्या टेबलावर त्याचा तुकडा लखलखून जळे. इथे मुले त्याच्या वाफा दिवसाला बारा-चौदा तास हुंगत आणि जेवणही त्याच खोल्यांत करीत. त्या वाफांनी जबड्याचे हाड कुजते हे व्हिएन्नाच्या एका डॉक्टराने 1845 सालीच नोंदवले होते.

इथे रसायनाचा एक धडा आहे, आणि तो मला कुणी शाळेत सांगितला नाही. हँबुर्गच्या हेनिग ब्रँडने 1669 साली मूत्र आटवून जो मिळवला तो पांढरा स्फुरद. तो विषारी, आणि हवेत आपोआप पेटणारा. पण त्याच 1845 साली, त्याच व्हिएन्नात, श्रोटर यांनी दाखवले की हवा न लागू देता तो तापवला की तांबडा होतो, आणि हा तांबडा माणसाला फारसा अपाय करत नाही. मूलद्रव्य तेच, अणूही तेच. फरक केवळ ते एकमेकांना कसे धरून बसतात याचा. तांबडा स्फुरद पेटीच्या बाजूला लावून निर्धोक काडी करता येते हे 1850 नंतर सर्वांना ठाऊक होते. पण पांढऱ्या स्फुरदाची काडी स्वस्त पडे आणि कुठेही घासली तरी पेटे. म्हणून ती चालू राहिली. जबडे कुजत होते ते शास्त्र अपुरे पडले म्हणून नव्हे.

1888 च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी ‘द लिंक’ पत्रात या कारखान्यावर लेख लिहिला. याच बाई पुढे हिंदुस्थानात आल्या आणि 1917 साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. लेखातील मजकूर खोटा आहे असे लिहून देण्यास कामकरी बायकांनी नकार दिला आणि जुलैत सुमारे 1,400 बायका व मुली बाहेर पडल्या. संप बेझंटबाईंनी घडवला असे सांगण्याची प्रथा आहे. पण संप त्या मुलींनी आपणहून केला, बेझंटबाई मागाहून मदतीला धावल्या. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली कबूल झाली. म्हणजे वाफांपासून निदान घास तरी दूर झाला. पांढरा स्फुरद मात्र गेला नाही. त्याविरुद्ध 1906 साली बर्नला आंतरराष्ट्रीय करार झाला, ब्रिटनचा कायदा 1908 साली आणि आपल्याकडचा 1913 साली झाला. तांबडा स्फुरद सापडल्याला तेव्हा 68 वर्षे झाली होती!

आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी संध्याकाळी कामगारांची मुले जमतात. खर्च फार नाही. मेणबत्त्या, स्टीलचा पेला, काचेचे दोन ग्लास. चुना पानवाल्याकडून येतो. तो पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की वर निवळी मिळते. ती चुकूनही पिऊ नये आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे आधी बजावतो. मग शीतपेयाच्या नळीने एकेकाने हळूच फुंकर घालायची. पाणी पांढरे झाले की जो ओरडा होतो तो खालच्या रस्त्यावर ऐकू जातो.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारले, “काका, बाबांच्या हाताला जे पोळतं ते यातलं कोणतं?” बाप कापड प्रोसेसच्या कारखान्यात. तिथे त्या मालाला नाव नाही, ‘पांढरा ड्रम’ एवढेच म्हणतात, आणि हातमोजे मागितले की पुढच्या महिन्यावर जाते. मी तिला सांगितले, ड्रमवर काय छापले आहे ते बाबांकडून उतरवून आण. पुढच्या रविवारी ती वहीच्या पानावर इंग्रजी अक्षरे काढून घेऊन आली. कॉस्टिक सोडा. त्यातली तीन मूलद्रव्ये आम्ही फळ्यावर मांडली. हायड्रोजन आणि प्राणवायू मुलांच्या ओळखीचे होते. तिसरे सोडियम, जे डेव्हींनी 1807 साली याच कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून पहिल्यांदा वेगळे काढले. तिने ते नाव पानावर लिहून घेतले. हातमोज्यांच्या अर्जात तिच्या बापाने ‘पांढरा ड्रम’ खोडून त्या जागी मालाचे खरे नाव घातले, आणि खाली चौदा जणांच्या सह्या आहेत.