ऋण काढून राज्य

आपल्याकडे शहाणपणाच्या दोन म्हणी लहानपणापासून कानावर पडतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि ऋण काढून सण करू नये. घरापुरतं ठीक आहे. पण सरकारलाही हाच नियम लावावा का? म्हणजे जमेपेक्षा जास्त खर्च करायला सरकारला कायद्यानेच बंदी असावी का? अर्थसंकल्प आला की तुटीचा आकडा वाचून आपल्यातले बरेच जण "असावी!" असं ठणकावून सांगतात. माझं मत "नसावी" असं आहे. आणि त्यासाठी लागणारा पुरावा मी राहतो त्या हडपसरातच पडलेला आहे.

हडपसर म्हटलं की हल्ली मगरपट्टा, अमनोरा आणि गाडीतळाचा ट्रॅफिक आठवतो. पण २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, इथे मोठी लढाई झाली. यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला तो सिंहगड, कोकण असं करत इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचला. ३१ डिसेंबर १८०२ ला तिथे तह झाला. पुढची गोष्ट शाळेत शिकलोय. शाळेत शिकवत नाहीत ती या सगळ्यामागची जमाखर्चाची गोष्ट.

पेशवाई ही जवळजवळ कायम कर्जात होती. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची सालं निघाली, असा त्यातला सूर! न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० च्या सुमारास पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहिताना याचे आकडे दिले आहेत. १७४० ते १७६० या नानासाहेबांच्या काळात दीड कोटी रुपयांचं सरकारी कर्ज, व्याज १२ ते १८ टक्के. माधवरावांच्या काळातल्या कर्जाचा आकडा ते २४ लाख देतात. हेच माधवराव १७७२ मध्ये थेऊरला (इथून सोलापूर रस्त्याने गेलं की फाटा लागतो) मरणाला टेकले असताना शेवटच्या इच्छांच्या यादीत कर्जफेड घालून गेले. नाना फडणवीसांच्या कारभारात कर्ज काही लाखांपर्यंत खाली आलं.

आणि दुसरा बाजीराव? रानडे सांगतात की त्याला कर्ज काढायची गरजच पडली नाही. उलट त्याने मोठा खाजगी खजिना जमवला!

आता गंमत बघा. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं त्यांनी राज्य वाढवलं, सावरलं. ज्याच्या वहीत शिल्लक होती त्याने ते घालवलं. नुसता तुटीचा आकडा बघून मार्क द्यायचे ठरवले तर दुसरा बाजीराव पहिला येईल. म्हणजे आपली परीक्षाच चुकीची आहे.

मग ही शिल्लक आली कुठून? तीन ठिकाणांहून.

एक, वहीत न लिहिलेली देणी. १७९६ मध्ये गादी मिळवताना बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना मोठ्या रकमा कबूल केल्या होत्या. त्या द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. मग १७९८ मध्ये शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याला पुण्यातून वसुली करायची मोकळीक मिळाली. सावकार आणि पैसेवाल्या लोकांना पकडून, छळ करून पैसा काढला गेला. ज्या पेठांमधून आधीचे पेशवे व्याजाने पैसे उचलत, त्याच पेठांमधून आता तो हिसकावून घेतला. याला कर्ज म्हणत नाहीत, म्हणून ते तुटीतही दिसत नाही. पण पत गेली ना! मराठीत "पत" हा शब्द अब्रू आणि उधारी दोन्हींसाठी चालतो, हे काही उगाच नाही.

दोन, वसईचा तह. कमीत कमी ६ हजार पायदळाची इंग्रजी फौज ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. संरक्षणाचा खर्च वहीतून नाहीसा. आपल्या भाषेत सांगायचं तर आउटसोर्सिंग, फक्त नोकर मालकाला काढू शकतो अशा कलमासकट.

तीन, मक्ते. महसूल गोळा करायचं काम जास्त बोली लावेल त्याला. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीवर सविस्तर लिहिलंय. मक्ता थोड्या काळाचा, त्यामुळे मक्तेदार गाव पिळून मोकळा. तूट होतीच की, ती फक्त तिजोरीतून रयतेच्या घरात हलवली होती.

दुसऱ्या बाजूला कोण होतं? कर्जात बुडालेली कंपनी! वेलस्लीच्या लढायांनी तिचं कर्ज इतकं वाढलं की लंडनमधले संचालक वैतागले. खुद्द ब्रिटनचं सरकारी कर्ज नेपोलियनची युद्धं संपली तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास होतं. तरी त्यांना साधारण ५ टक्क्यांनी पैसा मिळत होता, कारण कर्ज पार्लमेंटच्या मंजुरीने निघायचं आणि व्याज वेळेवर मिळायचं. (कंपनीच्या कर्जाचा भार शेवटी इथल्या शेतकऱ्यावर पडला, हेही विसरू नये. कर्ज कोण काढतो आणि कोण फेडतो हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.)

आता आजचं. केंद्राने २००३ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये वित्तीय शिस्तीचे कायदे केले. केंद्राच्या कायद्यात राजकोषीय तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायचं लक्ष्य होतं. हे सरसकट बंदीपेक्षा शहाणपणाचं आहे. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट ९ टक्क्यांच्या वर गेली. बंदी असती तर कोविडमध्ये सुमारे ८० कोटी लोकांना फुकट धान्य कुठून दिलं असतं?

पण मर्यादा घातली की दुसरा धोका येतो, लपवाछपवीचा. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. बच्छावत लवादाने दिलेलं ५६० टीएमसी पाणी २००० पर्यंत अडवायची घाई होती. महामंडळाने रोखे विकून पैसा उभा केला, हमी राज्य सरकारची. कर्ज महामंडळाच्या नावावर, त्यामुळे तेव्हाच्या तुटीत ते दिसलं नाही. कितीतरी प्रकल्प रखडले आणि रोख्यांचं ओझं मात्र राज्याच्या तिजोरीवर आलं. उद्देश वाईट नव्हता, पाणी हवंच होतं. पण हिशोब समोर असता तर कुठलं धरण आधी पूर्ण करायचं यावर विधानसभेत निदान भांडण तरी झालं असतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. रिलीजसाठी टेक्निकल डेट घेणं हा गुन्हा नाही. ते ट्रॅकरमध्ये न लिहिणं हा गुन्हा आहे.

म्हणून सरकारला तूट करू द्यावी, पण अटींवर. धरण, रेल्वे, शाळा यांच्यासाठी कर्ज काढलं तर फेडणाऱ्या पुढच्या पिढीलाही त्यातलं काही मिळतं. रोजचा खर्च कर्जावर चालला (याला महसुली तूट म्हणतात) तर ते संकटाच्या वर्षापुरतंच चालवून घ्यावं. आणि महामंडळांचं, हमीचं, सगळं देणं एकाच वहीत यावं. तुटीच्या आकड्यापेक्षा ही तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती मोडली की पहिल्या दोन पाळल्या की नाही हे कळतच नाही.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पात तुटीचा आकडा वाचून झाला की सरकारने दिलेल्या हमींचं पानही उघडून बघा. कंटाळवाणं असतं, पण पुढचं बिल बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.